कडीपाटाच्या तुकड्यातून फणेरपेटी

नारायण पेठेतला माहेरचा वाडा 2022 च्या एप्रिलमध्ये पाडायला घेतला. कडीपाट म्हणजे छताच्या कड्या-फळ्या, तुळया, खांब, सगळं सागवान आधीच मोजून विकलं गेलं होतं, व्यवहारच तसा ठरला होता. मी गेले तेव्हा विटांच्या ढिगाशेजारी कुणालाच नको असलेलं उरलं होतं: कडीपाटाच्या फळ्यांची फुटकी टोकं, माजघराच्या चौकटीचा हातभर तुकडा, जिन्याच्या कठड्याच्या दोन दांड्या. "सरपणात जाईल, न्यायचं तर न्या," मुकादम म्हणाला. रिक्षात मावलं तेवढं घेऊन आले.

तोपर्यंत लहान लाकडी डब्या करायला लागून मला दोन वर्षं झाली होती. सुरुवात देवगडहून आलेल्या हापूसच्या पेटीने झाली. आंबे संपले, पेटी बाल्कनीत पडून राहिली आणि टाळेबंदीत हाताला काम हवं म्हणून तिच्या पट्ट्या सोडवून मी एक डबी जोडली. ते लाकूड खरबरीत आणि ठिसूळ, खिळा ठोकला की चिरतं. शिकायला मात्र तेच बरं, कारण बिघडलं तरी जीव हळहळत नाही. आमच्या सोसायटीत कपाटांची कामं करणारे एक वयस्कर मिस्त्री यायचे. त्यांनी मला रंधा धरायला शिकवला. माझ्या पहिल्या डबीवरून बोट फिरवून ते म्हणाले होते, "ताई, दाराला सूतभर इकडेतिकडे चालतं. डबीत सूतभर गेलं म्हणजे डबीच गेली."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. कपाटाच्या फळीत सूतभर फट पडली तर लांबी (पुटी) भरून वर सनमायका लावता येतो. नऊ सेंटिमीटरच्या पेटीत तीच फट दारासारखी उघडी दिसते. म्हणून मी पट्टीवर मोजणं जवळजवळ सोडलं. एक तुकडा कापला की तोच दुसऱ्यावर ठेवायचा आणि पेन्सिलऐवजी कटरच्या पात्याने रेघ मारायची. पेन्सिलच्या रेघेला स्वतःची जाडी असते, पात्याच्या रेघेला जवळजवळ नसते, आणि करवतीला किंवा पटाशीला, म्हणजे सुताराच्या छिन्नीला, त्या चिरेत टेकायला जागा मिळते.

कोणतं टाकाऊ लाकूड घ्यायचं आणि कोणतं नाही, हे मला हळूहळू कळत गेलं. इमारतीत कुणाच्याही घरी फर्निचरचं काम निघालं की खाली तुकड्यांची पोती येतात. त्यात बहुतेक प्लायवूड आणि एमडीएफ. या कामाला ते निरुपयोगी, कडा झडतात आणि भुसा घशात बसतो. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन चांगलं, पण त्यावरचा शिक्का बघून घ्यावा. परदेशातून येणाऱ्या पॅकिंगच्या लाकडावर प्रक्रियेचा शिक्का मारलेला असतो. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस निदान 30 मिनिटं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. 'एमबी'वाली फळी मी घरात आणत नाही. जुनी रंगवलेली खिडकीही आणत नाही. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीचा, विशेषतः पन्नास वर्षांपूर्वीचा ऑइलपेंट घासायचा म्हणजे शिशाची पूड घरभर उडवायची. आमच्याकडे नातवंडं रांगतात.

यापलीकडे घरातच पुष्कळ सापडतं. मुलाची मोडलेली बॅट, विलोची, फिकट आणि हलकी. आईचं शिसवी लाटणं, मधोमध चिरलेलं. सासरी राजापूरकडे पडवीच्या दाराची फणसाची फळी बदलली, तिचा तुकडा. फणस ताजा कापला की हळदीसारखा पिवळा निघतो आणि उजेडात वर्षभरात तपकिरी होतो. लाटणं जवळजवळ काळं. रंगाला हात न लावता नक्षी करायला एवढे तीन रंग पुरतात.

फणेरपेटीकडे, म्हणजे फणी-कुंकवाच्या पेटीकडे, येण्याआधी एका फसलेल्या डबीबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे जमलं. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या खेळाचे गोल पत्ते, रंगवणाऱ्या कारागिरांचं काम मी तासभर उभी राहून पाहिलं होतं. दशावतारी गंजिफाचा संच 120 गोल पानांचा. तो ज्या लाकडी पेटीत ठेवतात तिचं झाकण सरकतं असतं आणि पेटीवरही पानांसारखीच चित्रं. तशी सरकत्या झाकणाची डबी मी मे महिन्यात पाइनच्या तुकड्यातून केली. झाकण साठ मिलिमीटर रुंद, खाचेत इतकं नेमकं बसवलं की दोन्ही बाजूंना जेमतेम कागदाएवढी जागा राहिली. फार आनंद झाला होता. जुलैत उघडायला गेले तर झाकण हलेना. ओढून काढताना खाचेची कड उपटून आली. झाकण मोजलं तर रुंदीत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढलेलं, लांबीत मात्र काहीच फरक नव्हता.

लाकूड तोडल्यानंतरही हवेतला ओलावा पीत आणि सोडत राहतं. फुगतं ते रेषांच्या आडव्या दिशेला. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, त्याची वाढ नगण्य असते. पुण्यात मे महिन्याची हवा आणि जुलैची हवा यांत केवढं अंतर असतं हे वाळत घातलेले कपडे सांगतात, तसं ते झाकणही सांगत होतं. तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. उन्हाळ्यात केलेल्या सरकत्या झाकणाला दोन्हीकडे जागा सोडायची. आणि तळाची किंवा वरची फळी खाचेत नुसती अडकवायची, फेव्हिकॉल लावून जखडायची नाही. तिला फुगायला जागा मिळाली नाही तर ती सांधे फोडून जागा करून घेते.

आता पेटी. वाडा पडल्यावर आत्याला भेटायला गेले. ती चौऱ्याऐंशीची, जन्म त्याच वाड्यातला. मी तुकडे आणलेत हे कळल्यावर म्हणाली, "आईची फणेरपेटी आठवते का ग तुला? नसेलच. तशी एक लहानशी करून दे मला. देवापुढे राहील."

मला आठवत नव्हती, पाहिलेलीच नव्हती. वाटण्यांमध्ये ती कुठे गेली कुणालाच सांगता येत नाही. आत्याने सांगितलं तेच खरं मानायचं होतं: झाकणाच्या आत आरसा, खाली कप्पे, एका कप्प्यात फणी, एकात कुंकवाचा करंडा, एकात मेण. आधी मेणाचं बोट टेकायचं, मग त्यावर कुंकू, म्हणजे दिवसभर टिकतं. पुण्याच्या केळकर संग्रहालयात बायकांच्या प्रसाधनाच्या जुन्या वस्तू आहेत, त्या मुद्दाम पाहून आले. पण आकार ठरवला तो कडीपाटाच्या तुकड्याने. धड उरलेला भाग चौदा इंच लांब, दोन इंच रुंद, इंचभर जाड. चार बाजू एकाच पट्टीतून काढायच्या तर पेटी 90 बाय 60 मिलिमीटरची होणार, त्याहून मोठी नाही.

तुकडा वरून काळाकुट्ट. वर्षानुवर्षांचा चुलीचा धूर त्यात मुरलेला. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक त्यावरून फिरवलं तर तीन ठिकाणी चिकटलं. भवानी पेठेत टिंबर मार्केटमधल्या एका सॉ मिलवर चिरून मिळतो का विचारलं, त्यांनी तुकडा हातातही घेतला नाही. जुन्या लाकडात मोडलेला खिळा असला की पात्याचे दात जातात, त्यांचं बरोबरच होतं. घरी बसून खिळे काढले. दोन पकडीने आले. तिसरा आतच मोडला होता, त्याच्या भोवतीचं लाकूड बारीक पटाशीने टोकरून तो सोडवला. घडवलेला चौकोनी खिळा, लोहाराच्या हातचा. भोक रिकामं झालं तर त्याच्याभोवती निळसर काळं कडं. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचा तो डाग, खोलवर गेलेला, घासून जात नाही.

मग फळी शिकंज्यात उभी धरून हाताच्या करवतीने चिरली. चारही कडांवर रेघ, थोडं या बाजूने, फिरवून थोडं त्या बाजूने. सबंध संध्याकाळ गेली. सागात वाळूचा अंश असतो, सिलिका, त्यामुळे हत्यार लवकर बोथट होतं. मधे दोनदा करवतीचे दात तपासले. फळी दुभंगली तेव्हा आत जे दिसलं त्यासाठी सगळा खटाटोप सार्थकी लागला. बाहेर कोळसा आणि आत मधासारखा सोनेरी रंग, ओळी इतक्या दाट की नखाच्या रुंदीत पाच-सहा मोजता याव्यात. वास तेलकट, नव्या चामड्यासारखा. बाल्कनीतून तो स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि घरातली माणसं विचारत बाहेर आली.

रंध्याने दोन्ही पट्ट्या दोन सुतांपेक्षा किंचित कमी, पाच मिलिमीटरवर आणल्या. इथे मिस्त्रींचा आवाज कानात असतो: "उलटा मारताय. फळी फिरवा." फळीच्या कडेला बघितलं की रेषा कुठल्या बाजूला वर चढतायत ते दिसतं, त्या चढाच्या दिशेने रंधा न्यायचा. सुलट चालला की सलग सर्र आवाज येतो आणि छिलका कुरळा, पूर्ण लांबीचा निघतो. उलट चालला की रंधा अडखळतो, बारीक ढलप्या उपटल्या जातात. पाच मिलिमीटरच्या पट्टीत एवढी ढलपी गेली की पुन्हा चार मिलिमीटरवर जावं लागतं.

बाजू कापण्याआधीच सबंध पट्टीला आतून दोन खाचा काढल्या, एक तळासाठी, एक वरच्या फळीसाठी. नंतर कोपरे पंचेचाळीस अंशात. पहिल्या वर्षी मी दुकानातून प्लास्टिकची साचेपेटी आणली होती, तिच्या फटीत करवत डुलायची. एका कापात अर्धा अंश चुकला तर वाटतं काय झालं. चार कोपरे म्हणजे आठ काप, आठ अर्धे म्हणजे चार अंश, आणि ते सगळे शेवटच्या कोपऱ्यात येऊन उभे राहतात. म्हणून आता करवतीने जरा जास्त ठेवून कापते आणि पंचेचाळीस अंशाच्या ठोकळ्याला टेकवून, रंधा आडवा सरकवत, एकेक केसभर छिलका काढते. समोरासमोरच्या बाजू पाठीला पाठ लावून बघायच्या, बोटाला पायरी लागता कामा नये.

जोडणी चिकटपट्टीवर केली. चारही बाजू ओळीने, बाहेरचं अंग वर, एकमेकींना टोकं भिडवून ठेवल्या, वरून सलग चिकटपट्टी ओढली, मग सगळं उलटवलं. आता चार सांध्यांच्या दऱ्या वर दिसतात. साग तेलकट, फेव्हिकॉल त्यावर नीट धरत नाही, म्हणून आधी प्रत्येक काप थिनरच्या चिंधीने पुसला, सुकू दिला आणि लगेच डिंक लावला. तळाची आणि वरची फळी खाचेत सोडून बाजू गुंडाळत आणल्या की पेटी आपोआप मिटते. वरून रबरबँड. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावायला आत जागा नसते, तेव्हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजायचं. दोन्ही कर्ण सारखे भरले की पेटी काटकोनात. माझे जवळजवळ मिलिमीटरने वेगळे होते, लांब कर्णाचे कोपरे दाबून धरले आणि सारखे केले. एकाच पट्टीतून कापलेल्या असल्याने लाकडाच्या रेषा तीन कोपऱ्यांवरून न तुटता वळत जातात. चौथ्या कोपऱ्यावर सुरुवात आणि शेवट भेटतात, तिथे जुळत नाहीत. तो कोपरा मागे ठेवला.

दुसऱ्या दिवशी हातात होता सगळीकडून बंद ठोकळा, ज्याला झाकण नाही. झाकण त्यातूनच कापून काढायचं असतं. वेगळं केलं तर रेषा जुळत नाहीत, असं कापलं तर पेटीवरून चढलेली रेषा तशीच झाकणावर जाते. कापायचं मात्र एकदाच. वरून पंधरा मिलिमीटरवर कटरने चहूबाजूंनी रेघ फिरवली, दोनदा, तीनदा, खोल होत गेली. सगळ्यांत पातळ पात्याची करवत घेतली. आधी पुढची बाजू, पण आरपार नाही. मग मागची, मग दोन्ही लहान बाजू, चारही कोपऱ्यांत थोडं थोडं धरून ठेवलेलं. कापलेल्या फटीत जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या पट्ट्या सरकवल्या, नाहीतर झाकण खाली बसून करवत चावतं. शेवटी कोपरे कटरने तोडले. टक्, टक्, टक्, आणि चौथ्याला झाकण हातात आलं. आत अंधारात दिवसभर कोंडलेला सागाचा वास पहिल्यांदा बाहेर पडला. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून दोन्ही कडा त्यावर गोल गोल फिरवल्या, मिटवून उजेडासमोर धरलं आणि फट दिसेनाशी होईपर्यंत तेच.

पंचेचाळीस अंशाचा सांधा नुसत्या डिंकावर कच्चा असतो, कारण तिथे आडवे काप एकमेकांना भिडतात. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात आडवी चीर पाडून त्यात लाटण्याच्या शिसवीच्या पातळ चाव्या बसवल्या, पेटीला दोन आणि झाकणाला एक. सोनेरी सागावर काळ्या तीन रेघा. सजावट म्हणून वर एवढंच, आणि झाकणाच्या मधोमध फणस आणि विलोच्या पट्ट्यांची वेणी, सूतभर रुंद. पट्ट्या चिकटवायच्या, तिरक्या कापायच्या, उलटसुलट पुन्हा चिकटवायच्या. वेळखाऊ काम आहे आणि मला सगळ्यांत आवडतं.

आतले कप्पे फणसाचे. माझ्याकडे लेथ नाही, त्यामुळे करंडा कातता आला नाही. ठोकळ्यात ड्रिलने पंचवीस मिलिमीटरची वाटी कोरली ती कुंकवाला, शेजारी सोळाची मेणाला. आरसा काचवाल्याकडून कापून आणला आणि सिलिकॉनच्या दोन ठिपक्यांवर बसवला. सगळीकडून घट्ट चिकटवला तर लाकूड हललं की काच तडकते. बिजागऱ्या बोहरी आळीतून, अर्ध्या इंचाच्या, पितळी. पितळी स्क्रू मऊ असतात, थेट पिळले तर डोकं तुटून हातात येतं. आधी बारीक भोक, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढायचा, मग पितळी स्क्रूला साबण लावून बसवायचा.

पॉलिश चपडी लाखेचं. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये साठ ग्रॅम चपडी रात्रभर विरघळवली आणि सुती फडक्यात कापसाची पुरचुंडी करून पातळ हात मारले. घाई केली ती इथे. गौरीच्या हळदीकुंकवाच्या आधी द्यायची म्हणून ऑगस्टमध्ये, बाहेर पाऊस असताना चौथा हात दिला आणि झाकणावर पांढरी झाक आली. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यात अडकतो. आठवडाभर थांबले. उघडीप मिळाली त्या दिवशी स्पिरिटच्या जेमतेम ओल्या पुरचुंडीने पुसलं, झाक गेली. आतून मात्र लाख लावली नाही, जवसाचं तेल आणि मधमाश्यांचं मेण दिलं. तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नयेत, सुकताना त्या आपोआप तापतात आणि पेटही घेतात. मी बाल्कनीच्या दोरीवर सुट्या पसरून वाळवते. आणि घासताना मास्क लावते, कितीही थोडं काम असलं तरी. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते असं सिद्ध झालेलं आहे.

खिळ्याचं भोक पुढच्या बाजूला आलं होतं. लांबी भरून लपवता आलं असतं. तिथे फणसाची गोल खुंटी बसवली आणि भोवतीचं काळं कडं तसंच राहू दिलं.

आत्याने पेटी दोन्ही हातांनी घेतली, नाकाशी नेली, मांडीवर ठेवली. उघडायला गेली तर झाकण तिच्या बोटांत येईना. मी कडा काचेवर इतक्या घासल्या होत्या की नख शिरायला जागाच नव्हती, आणि तिची बोटं संधिवाताने वाकलेली. मी उघडून दिली. तिने आरशात पाहिलं, पदर सारखा केला आणि मेणाच्या वाटीत बोट घातलं.

"मेण नाही भरलंस?"

मी त्याचा विचारच केला नव्हता. पॉलिशसाठी आणलेल्या मेणाचा खडा घरी उरला होता. तो दुसऱ्या दिवशी नेला, वाटीत खोबरेल तेलाबरोबर पातळ करून ओतला. ते थिजेपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो. मग तिने अनामिकेने आधी मेण लावलं, मग कुंकू, आरशात न बघताच.

पेटी सध्या पुन्हा माझ्या टेबलावर आहे. झाकणाच्या पुढच्या कडेला, खुंटीच्या बरोबर वर, अंगठा बसेल एवढी खाच गोल कानशीने काढायची आहे. आत्याच्या अंगठ्याचं माप कागदावर घेऊन आले आहे.